घासलेले आकडे

“आकडे कुठे गेले?”

“घासून टाकले, उस्ताद.”

“कशानं?”

“पॉलिश पेपरनं. आधी जाड, मग बारीक. बोट फिरवून बघा, खरखर लागायची नाही.”

हसनमियाँ परकारांनी हातातल्या काळ्या डबीच्या तळावरून अंगठा फिरवला. खरखर लागली नाही.

“सगळ्यांचे घासलेस?”

“सगळ्यांचे.”

...

दिनकर शिगवण उघड्या बॉनेटशेजारी हाताची घडी घालून उभा होता. आपल्या हातून काही वावगे झाले असेल, ही शंका त्याच्या मनाला शिवलीही नव्हती. उलट, उस्तादांची नजर नेमकी त्या गुळगुळीत तळांवर जावी अशीच त्याची इच्छा होती.

कुंभार्ली घाटाची चढण जिथे सुरू होते, तिथे रस्त्याच्या कडेला हसनमियाँचे गॅरेज होते. वाहनांच्या विजेचे काम त्या टापूत त्यांच्याइतके कोणी जाणत नव्हते, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा त्यांना स्वतःला अधिक ठाऊक होती. त्यांच्या हाताखालचा माणूस स्वतंत्र व्हायचा तो एकाच रीतीने. त्याने एक गाडी कोणाचीही मदत न घेता पुरी करायची. उस्तादांनी ती पाहायची. पसंत पडली, तर ते स्वतःच्या हाताने बॉनेट लावीत, आणि त्या आवाजासरशी शिष्य मोकळा होई. पसंत पडली नाही, तर एक शब्दही न बोलता ते आत निघून जात. बॉनेट उघडे राही; शिष्यही राही.

दिनकर आज त्या आवाजासाठी उभा होता.

नाक्यावर त्याने जागा घेतली होती. पाटी रंगवून झाली होती. ‘हसनमियाँ परकार यांचे शिष्य’ अशी एक ओळ खाली टाकावी, असे पेंटरने सुचवले होते. दिनकरने ती टाकू दिली नव्हती. ज्याचे काम बोलते त्याने दुसऱ्याचे नाव कशाला मिरवायचे, असा त्याचा बाणा होता. आणि निष्पक्षपणे सांगायचे तर, काम खरोखरच बोलत होते.

गाडी एका धर्मादाय नेत्रालयाची व्हॅन होती. घाटातल्या वाड्यावस्त्यांवरून डोळ्यांचे रुग्ण खाली आणायचे, आणि शस्त्रक्रिया झाली की त्यांना परत वर पोहोचवायचे, हे तिचे काम. धुक्यासाठी तिला जादा दिवे बसवले होते, मागे औषधांची शीतपेटी होती, आणि या साऱ्याचा भार चालकापुढच्या कळांवर पडत असे. त्या तापत. गेल्या पावसाळ्यात एक कळ वितळून चालकाच्या बोटाला चिकटली होती.

दिनकरने ती सारी जोडणी बदलून रिलेवर आणली होती.

रिले म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल, त्यांना एवढेच सांगणे पुरे, की ती काडेपेटीहून लहान अशी एक डबी असते आणि तिच्या पोटात चुंबक असते. चालकाने कळ दाबली की बारीक तारेतून डबीला हुकूम जातो, आणि जाड तारेतला प्रवाह डबी सोडते. कळ थंड राहते, दिवा लखलखतो. डबीच्या तळाशी पितळी पाती असतात आणि प्रत्येक पात्याशेजारी एक आकडा कोरलेला असतो. डबी कोणत्याही देशात घडलेली असो, आकडे तेच. एकमेकांची भाषा न जाणणारे दोन कारागीर त्या आकड्यांच्या आधाराने एकाच गाडीवर काम करू शकतात.

ते आकडे दिनकरने घासून टाकले होते.

“का?” हसनमियाँनी विचारले.

“रमाकांत.”

नाक्यावरच्या त्या दुसऱ्या मिस्त्रीच्या नुसत्या नावात उत्तर संपले असे दिनकरला वाटले होते. उस्ताद वाट पाहत राहिले, तेव्हा त्याला पुढे बोलावे लागले.

“दिवाळीच्या आधी त्या दूधवाल्याच्या टेम्पोला मी जोडणी केली होती, आठवते? रमाकांतनं हॉर्न दुरुस्त करायच्या निमित्तानं बॉनेट उघडलं, आकडे वाचले, तारा कुठून कुठे गेल्यात ते बघितलं, आणि पुढच्या आठवड्यात तीच जोडणी दोन जीपना केली. वर सगळ्या नाक्याला सांगत सुटला, की ही त्याच्या डोक्यातून आलेली.”

“चांगली केली होती?”

“कोणी?”

“रमाकांतनं. जीपना.”

दिनकरला हा प्रश्न आवडला नाही.

“माझीच होती, म्हणजे चांगलीच असणार.”

“हं.”

“म्हणून ठरवलं. यापुढे माझ्या कामात दुसऱ्याचा हात जाणार नाही. बॉनेट उघडावं, बघावं, आणि गपचूप मिटावं. माझं काम माझ्याशिवाय कोणाला कळता कामा नये.”

हसनमियाँ वाकले. त्यांनी तारांच्या जुडग्यावरून बोट नेले. गुंडाळी घट्ट होती, पण आवळलेली नव्हती. जिथे पत्र्याची कड होती, तिथे तारेला रबराचे वेष्टण होते. एकही तार ताणलेली नव्हती, एकही लोंबत नव्हती. रिले एका पट्टीवर ओळीने बसवले होते, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे.

बराच वेळ ते पाहत राहिले.

“काम चांगलं आहे,” ते म्हणाले.

दिनकर आणखी ताठ उभा राहिला. उस्तादांच्या तोंडून हे शब्द त्याने यापूर्वी ऐकले होते, पण ते नेहमी कोणा मेलेल्या माणसाच्या कामाविषयी.

तेवढ्यात व्हॅनचा चालक सखाराम भुवड चहा पिऊन परत आला. पाठीमागे हात बांधून तो बॉनेटपाशी उभा राहिला.

“झालं काय ओ दिनकरशेट? का अजून देव बसवायचेत?”

“झालं. आता उस्ताद बॉनेट लावतील.”

हसनमियाँनी बॉनेटला हात लावला नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. पट्टीवरचा एकेक रिले उपसून ते तिच्यात टाकू लागले. पट्टी रिकामी झाल्यावर त्यांनी टोपीचे तोंड मिटले, सोडतीच्या चिठ्ठ्या हलवाव्यात तशी ती हलवली, आणि दिनकरपुढे धरली.

“लाव.”

दिनकर हसला. स्वतः ओवलेली माळ पुन्हा ओवायला कोणी सांगितले, तर माणूस जसे हसेल तसे.

त्याने डब्या भराभर बसवल्या. हाताला अडखळायची सवयच नव्हती. शेवटची बसवली, तळहात फडक्याला पुसले, आणि चालकाच्या जागेकडे मानेने खूण केली.

“सखाराम, दिवे लाव.”

सखारामने कळ दाबली.

डावा दिवा लागला. उजवा लागला नाही.

“बंद कर.”

सखारामने कळ सोडली. डावा विझला, आणि उजवा भपकन पेटला.

पुन्हा दाबली. डावा पेटला, उजवा मिटला. पुन्हा सोडली...

सखाराम खाली उतरून पुढे आला आणि कौतुकाने पाहू लागला.

“मिस्त्री, डोळे तपासणारी गाडी आमची. आता चिपळूणच्या बाजारात उभी राहून डोळा मारायला लागली, तर मी डॉक्टरांना तोंड काय दाखवू?”

हसनमियाँ हसले नाहीत. दिनकरचे कान तापले.

काय झाले ते त्याला तत्काळ कळले होते. त्या साऱ्या डब्यांत एक डबी उलट्या स्वभावाची होती. इतर डब्या हुकूम मिळाला की दोन्ही बाजूंना वीज सोडीत, आणि एरवी गप्प राहत. ही मात्र स्वस्थ असतानाही एका बाजूला वीज सोडी, आणि हुकूम मिळताच ती बाजू बंद करून दुसरी उघडी. ती शीतपेटीसाठी होती. इंजिन चालू असेतो पेटीने पुढच्या बॅटरीवर चालावे, आणि गाडी थांबली की मागच्या बॅटरीवर, अशी ती योजना. ती डबी आता दिव्यांच्या जागी जाऊन बसली होती. मागे शीतपेटीही मुकी पडली असणार.

रूप तेच, रंग तोच, पाती तितकीच. फरक सांगणारा आकडा तेवढा तिच्या तळावर होता, आणि तो त्यानेच घासला होता.

“एक मिनिट,” दिनकर म्हणाला.

दिव्यांच्या जागेवरची डबी काढून ती शीतपेटीच्या जागी न्यायची, एवढेच काम होते. पण घाईत त्याने आणखी दोन डब्याही उपसल्या, आणि मग उजव्या हातातली कोणती, डाव्या हातातली कोणती, ते क्षणभर त्याला आठवले नाही. त्याने एक बसवली. हॉर्न सुरू झाला तो थांबेना. सखारामने दोन्ही कानांवर हात ठेवले. रस्त्यापलीकडच्या चहावाल्याने मान उंचावून पाहिले.

दिनकरने ती डबी उपटून काढली, पण ती हातातून निसटून इतर डब्यांत मिसळली.

हसनमियाँ स्टुलावर बसले. त्यांनी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर घातली.

“मी शोधतो, उस्ताद,” दिनकर म्हणाला. “मला येतं.”

“येतं तुला.”

त्याला खरोखरच येत होते. एक मोकळी बॅटरी ओढून तो जमिनीवर बसला. छोटा दिवा आणि दोन तारा घेतल्या. प्रत्येक डबी हातात घ्यायची, तिला वीज द्यायची, आतले चुंबक ‘टक्’ करते का ते ऐकायचे, मग एकेका पात्याला दिवा लावून पाहायचे. तपासलेल्या उजवीकडे, राहिलेल्या डावीकडे. त्याने मान वर केली नाही. घाम नाकाच्या शेंड्यावरून बॅटरीवर पडत होता. उन्हे सरकून गॅरेजच्या उंबरठ्याबाहेर गेली.

अखेरीस ती सापडली. वीज न देताच दिवा लागला.

त्याने सगळ्या डब्या आपापल्या जागी बसवल्या. सखारामने कळ दाबली. दोन्ही दिवे एकदम, सारख्या तेजाने पेटले. मागे शीतपेटी गुणगुणू लागली.

दिनकर उभा राहिला. गुडघ्यांवरची धूळ त्याने झटकली नाही. ती दिसावी असे त्याला वाटत होते.

“शोधली,” तो म्हणाला. “आकडा नसताना. या नाक्यावर दुसऱ्या कोणाच्या बापाला सापडली नसती.”

“खरं आहे,” हसनमियाँ म्हणाले.

...

“नसती सापडली,” ते पुन्हा म्हणाले.

दिनकर बॉनेटकडे पाहत राहिला. उस्ताद स्टुलावरून उठले नाहीत.

सखाराम आता चालकाच्या दारात, पाय बाहेर सोडून बसला होता. बोटाच्या पेरावर, जिथे मागे कळ चिकटली होती, तिथला डाग तो अंगठ्याने चोळत होता.

“दिनकरशेट, एक विचारू का?”

“विचार.”

“वर काही झालं, तर मी काय करायचं?”

“मला फोन करायचा.”

“घाटात लागत नाही फोन.”

दिनकरने पट्टीवरच्या डब्यांकडे पाहिले.

“तसं नाही, काम तुमचं एक नंबर आहे,” सखाराम घाईने म्हणाला. “मी आपलं सांगतो. परतीच्या फेरीला मागे म्हाताऱ्या असतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या. कोणाच्या एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं आधीच दिसत नाही. गाडी जरा थांबली की लगेच आवाज येतो, ‘सखाराम, काळोख झाला काय रे?’”

“मग?”

“मी म्हणतो, नाही गो आजी, लख्ख उजेड आहे.”

“आणि असतो उजेड?”

“दिवे चालू असले की असतो.”

घाटावरून उतरलेला एक ट्रक ब्रेकांचा उग्र वास मागे सोडून गेला.

दिनकर रस्ता ओलांडून पेंटरच्या टपरीवर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पांढऱ्या रंगाचा लहानसा डबा होता आणि पाटीवरची बारीक अक्षरे काढायचा कुंचला.

तो पुन्हा जमिनीवर बसला. डब्या पुन्हा निघाल्या. प्रत्येकीच्या तळाशी, प्रत्येक पात्याजवळ, त्याने आकडा लिहिला. अक्षर त्याचे मूळचेच वळणदार होते, आणि रागातही ते बिघडले नाही. राग त्याला होताच. तो कोणावर होता, हे मात्र त्याला सांगता आले नसते.

मग पट्टीवर, एकेका जागेच्या वर, त्याने देवनागरीत नावे लिहिली. मोठे दिवे. धुक्याचे दिवे. हॉर्न. पंखा. शीतपेटी. शीतपेटीपुढे त्याने कुंचला थोडा थांबवला, आणि आणखी लिहिले: ‘ही डबी वेगळी आहे. दुसरीकडे लावू नये.’ त्या डबीच्या पाठीवर त्याने एक ठळक पांढरा ठिपका दिला, आणि तसाच एक तिच्या जागेवर.

रंग वाळेपर्यंत तिघेही बसून राहिले.

डब्या जागेवर गेल्यावर सखारामला राहवले नाही. कोणी सांगितले नसताना त्याने हात घालून तीन-चार रिले उपसले, खिशात टाकले, खिसा खुळखुळवला, आणि मग एकेक बाहेर काढून, ओठ हलवीत वरचे नाव वाचून, ते पुन्हा बसवले. ठिपकेवाली डबी ठिपक्याखाली ठेवताना त्याने जीभ किंचित बाहेर काढली होती.

त्याने कळ दाबली. दोन्ही दिवे लागले.

“घ्या,” सखाराम म्हणाला. “मी पण मिस्त्री.”

त्याने आणखी एकदा कळ दाबून पाहिली, मग आणखी एकदा. आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान पसरला, जणू ती सारी जोडणी त्यानेच केली होती.

दिनकरने तो अभिमान पाहिला. सकाळी तो त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर होता.

त्याने कुंचला फडक्याला पुसला. पुसून स्वच्छ झाल्यावरही तो पुसतच राहिला. मग तो उस्तादांपुढे जाऊन उभा राहिला; ताठ, जसा सकाळी उभा होता तसाच.

“आता हा सखारामसुद्धा उघडेल.”

“उघडेल,” हसनमियाँ म्हणाले.

“रमाकांत उघडेल.”

“तो उद्याच उघडेल. वास लागला असेल त्याला.”

“आकडे वाचेल. नावं वाचेल. घाटावरच्या सगळ्या गाड्यांना हीच जोडणी करत सुटेल.”

“करेल.”

“आणि म्हणेल, ही माझी.”

“म्हणेलच.”

“तुमच्या देखत म्हणेल, उस्ताद.”

“माझ्या देखत म्हणायला घाबरेल. मागे म्हणेल.”

...

दिनकरचा आवाज खाली आला, पण मान खाली झाली नाही.

“मग यात माझं काय राहिलं?”

हसनमियाँ स्टुलावरून उठले. गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले. व्हॅनपाशी आले. पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांकडे त्यांनी एकदा पाहिले, चष्मा वर करून पुन्हा पाहिले. ‘शीतपेटी’वरचा थेंब थोडा ओघळला होता, तो त्यांनी नखाने खरवडला.

मग टेकू काढला, आणि दोन्ही हातांनी बॉनेट लावले.

आवाज रस्त्यापलीकडे गेला. चहावाल्याने पुन्हा मान उंचावली.

दिनकर जागचा हलला नाही. प्रश्न अजून त्याच्या चेहऱ्यावर तसाच होता.

हसनमियाँनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि त्याच्याकडे पाहिले.

“काही राहिलं असतं, तर हे मी लावलं नसतं.”